कऱ्हाडास तीन दिवस

गेल्या पौषांत संक्रांत होऊन पांच-सहा दिवस लोटले होते, तिळगुळाचे डबे अजून रिकामे झाले नव्हते, तोंच एके रात्रीं कऱ्हाडाहून आमच्या पुतणीचा फोन आला. "काका, तुम्ही शनिवारीं याच. सोमवारीं भंगारवाला येणार आहे, आणि आई अण्णांची सायकल त्याला देऊन टाकणार आहे." एवढें बोलतांच तिचा कंठ दाटून आला, आणि पुढचें बोलणें वहिनींनीं पुरें केलें. त्या शांतपणें म्हणाल्या, "भावजी, तुम्ही अवश्य या; पण सायकलीची रदबदली करायला येऊं नका. परवां कृष्णेच्या पुलावर तिची चेन पडली, आणि मागें उंसाचा ट्रॅक्टर होता. पोर कठड्याच्या बाजूला पडली म्हणून वांचली. मला ती सायकल आतां घरांत नको."

वाचकांस थोडी पूर्वपीठिका सांगितली पाहिजे. अण्णा म्हणजे आमचे वडील बंधु. कृष्णेपलीकडील एका शाळेंत त्यांनीं तीस वर्षें गणित शिकविलें, आणि तीसही वर्षें एकाच काळ्या, विलायती घडणीच्या सायकलीवरून पूल ओलांडून ते शाळेस जात असत. दोन वर्षांपूर्वीं ते निवर्तले. वर्षश्राद्ध झाल्यावर त्यांच्या कन्येनें, मनूनें, तीच सायकल घेऊन विद्यानगरच्या कॉलेजांत जाण्याचें ठरविलें. तें ऐकून आम्हांस भरून आलें आणि आम्हीं पुण्याहून पैसे पाठवून सायकल अगदीं नव्यासारखी करून घेण्यास कळविलें. दिवाळीच्या सुमारास ती तशी झालीही. नवा काळाभोर रंग, नवे चकचकीत नट, नवी गादी, नवी घंटा! तिचें छायाचित्र आलें, तें आम्हीं चार स्नेह्यांस कौतुकानें दाखविलेंही होतें. पुढें मात्र चेन पडूं लागली. मेकॅनिककडे दोनदां नेली. त्यानें एकदां चेन ताणून दिली, दुसऱ्या खेपेस एक जोडकडी काढून ती आंखूड केली. दर वेळीं आठ दिवस बरे जात, आणि पुन्हां तेंच.

शनिवारीं दुपारीं पुण्यास कोयना एक्सप्रेस धरिली. जेजुरी, नीरा, लोणंद हीं स्टेशनें मागें पडलीं, गाडी घाट चढून वाठाराकडे लागली, आणि आमच्या मनांत एक विचार घोळूं लागला. याच लोहमार्गानें कऱ्हाडाच्याही पुढें गेलें म्हणजे किर्लोस्करवाडी लागते. सायकलीच्या कामगिरीवर निघालेल्या मनुष्यास तिचें स्मरण होणें साहजिक होतें; कारण ज्या लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं पुढें लोखंडी नांगर केले आणि १९१० सालीं औंधचे बाळासाहेब पंतप्रतिनिधि यांच्या साह्यानें कुंडलजवळच्या उजाड माळावर ती वाडी वसविली, त्यांचा उद्योग १८८८ सालीं बेळगांवांत सायकलींच्या दुकानानें सुरू झाला होता. लक्ष्मणराव मुंबईस व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्यें शिक्षक, आणि बंधु रामुअण्णा बेळगांवीं दुकान पाहणारे. त्या काळीं सायकल ही साहेबलोकांची आणि हौशी श्रीमंतांची चीज. ती चालवावयास शिकविणें हाही दुकानाचाच एक भाग होता. नांगराचा कारखाना काढणाऱ्या पुरुषानें आधीं कितीजणांच्या उतरलेल्या साखळ्या चढवून दिल्या असतील, देव जाणे! १९२० पासून तेथून निघूं लागलेल्या मासिकाचे बांधीव अंक आमच्या वडिलांच्या कपाटांत होते, आणि अण्णांस यंत्रांची गोडी लागली ती त्याच कपाटापाशीं बसून.

कऱ्हाडचें स्टेशन कऱ्हाडांत नाहीं, ही गोष्ट नवख्या माणसाच्या ध्यानांत आधीं येत नाहीं. तें कृष्णेच्या अलीकडे, गांवापासून सुमारें तीन मैलांवर, ओगलेवाडीस आहे. ओगले मंडळींचा काचकारखाना येथलाच. आतां तो बंद आहे. परंतु विजेचे दिवे खेडोपाडीं जाण्यापूर्वीं ज्यांनीं अभ्यास केला त्या पिढीस ‘प्रभाकर’ कंदील सांगावयास नको. स्टेशनाबाहेर उभें राहिलें म्हणजे सदाशिवगडाचा डोंगर अंगावर आल्यासारखा दिसतो. रस्त्यानें उंसानें लादलेल्या ट्रॉल्या एकामागून एक चालल्या होत्या; एका ट्रॅक्टरास दोन दोन ट्रॉल्या, आणि दोन्हींच्या कडांवरून ऊंस हातहात बाहेर आलेला. रिक्षा पुलावर आली तेव्हां चालकास हळू घ्यावयास सांगून आम्हीं कठडा पाहिला. वहिनींचें म्हणणें आम्हांस तेथें प्रथम नीट समजलें. फोनवर समजलें नव्हतें.

पुलावरून गांवाकडे पाहतां आधीं नजरेत भरतात ते मशिदीचे दोन उंच मनोरे, आदिलशाहीच्या काळचे. गांव फार जुनें. प्राचीन लेखांत त्याचें नांव करहाटक असें येतें, आणि आपल्यांतील कऱ्हाडे ब्राह्मणांनीं आपलें नांव घेतलें तेंही येथूनच. पंतांच्या कोटांत नकट्या रावळाची म्हणून जी विहीर आहे, तिच्या पायऱ्या उतरून जाण्याची आमची लहानपणापासूनची हौस. पण या खेपेस ती तशीच राहिली.

घरीं पोहोंचतांच वहिनींनीं चहा दिला, तिळाची वडी दिली, प्रकृति विचारली. सायकलीचें नांव काढलें नाहीं. मनूच्या कोंपरावर पट्टी होती. ती डोळ्यांनींच अंगणाकडे खूण करीत होती, म्हणून चहा संपवून आम्ही दोघें बाहेर आलों.

सायकल खरोखर देखणी दिसत होती. पुढील चक्राचे दांते आम्हीं मोजले ते ४८, मागील लहान चक्राचे १८. म्हणजे पायडलाच्या एका फेऱ्यांत मागचें चाक पावणेतीनांहून किंचित् कमी वेळां फिरावयाचें आणि अठ्ठावीस इंची चाकावरून सुमारें वीस फूट वाट मागें पडावयाची. अण्णा हें गणित वर्गांत घालीत असत. साखळी आम्हीं बोटानें उचलून पाहिली. अशा सायकलीची साखळी खालच्या बाजूस मध्यावर अर्धा-पाऊण इंच वर-खालीं हालावी. त्याहून घट्ट असली तर चाक जड फिरतें, सैल असली तर ती दांत्यांवर नीट बसत नाहीं आणि खांचखळग्यांत उडून बाहेर पडते. ही दीड इंच हालत होती. "एवढेंच ना?" आम्ही म्हणालों, आणि मागचे दोन्ही नट सैल करून, चाक मागें ओढून, साखळी अर्ध्या इंचावर आणून नट पुन्हां आंवळले. पंधरा मिनिटांचें काम. हात धुतांना आम्हीं वहिनींस मोठ्या आवाजांत सांगितलें कीं, मेकॅनिकनें नट नीट आंवळले नव्हते, दुसरें कांहीं नाहीं.

"दोनदां त्यानंही असंच सांगितलं होतं," वहिनी म्हणाल्या आणि भाकरी थापावयास बसल्या.

रविवारीं पहांटे उठून आम्ही संगमावर गेलों. अण्णांच्या सायकलीवर आम्ही, आणि मनू शेजारच्या मुलाच्या गिअरच्या सायकलीवर. अंगावर शाल घेऊन सायकल हांकण्याचा प्रसंग पुष्कळ वर्षांनीं आला. कृष्णाबाईच्या देवळाजवळ सायकली टेकवून घाटावर उभे राहिलों, तेव्हां नदीवर धुकें होतें आणि पलीकडचा कांठ दिसत नव्हता. पुढें उन्हें वर आलीं तसतसें तें विरलें आणि दोन्ही नद्या दिसूं लागल्या.

नद्यांचे संगम आम्हीं पुष्कळ पाहिले आहेत. बहुतेक ठिकाणीं एक नदी वांकडी येऊन दुसरीच्या कुशींत शिरते. कऱ्हाडास तसें नाहीं. कृष्णा उत्तरेकडून येते, कोयना तिच्या अगदीं समोरून येते. दोघी समोरासमोर भिडतात, आणि मग एकत्र होऊन काटकोनांत वळून पूर्वेकडे चालूं लागतात. दोघींचा उगम महाबळेश्वरींच. तेथून निघाल्यावर कोयना सह्याद्रीच्या कुशींतून सरळ दक्षिणेस जाते, हेळवाकाजवळ पूर्वेस वळते, आणि वाईवरून आलेल्या बहिणीस येथें गांठते. अण्णा म्हणत, "एका माहेरच्या दोघी; एवढ्या वाटा फिरून आल्यावर वाकून नमस्कार कसला करायच्या, मिठीच मारणार!" या ठिकाणास प्रीतिसंगम म्हणतात तें उगीच नव्हे. कांठावर यशवंतराव चव्हाण यांची समाधि आहे. त्यांचें शाळेचें शिक्षण याच गांवच्या टिळक हायस्कुलांत झालें; १९६० सालीं ते महाराष्ट्र राज्याचे पहिले मुख्यमंत्री झाले आणि २५ नोव्हेंबर १९८४ रोजीं दिल्लीस वारल्यावर त्यांचा देह येथें आणला गेला. समाधीसमोरच्या हिरवळीवर दोन म्हातारे गृहस्थ वर्तमानपत्र वांटून घेऊन वाचीत होते. एकानें सायकल ओळखली. "मास्तरांची ना ही? रंग दिलात वाटतं," असें म्हणून ते पुन्हां वर्तमानपत्रांत शिरले.

अण्णा दर रविवारीं येथें येऊन ज्या पायरीवर बसत, ती मनूनें दाखविली. आम्ही तेथें थोडा वेळ बसलों. दोघांपैकीं कोणीच बोललें नाहीं.

तेथून कृष्णेच्या पुलाकडे निघालों. जातांना सायकल लोण्यासारखी चालली. पलीकडे जाऊन, वळून, परत येतांना मात्र जरा चढ आहे. तेथें आम्हीं पायडलावर उभें राहून जोर दिला, आणि तिसऱ्या कीं चौथ्या फेऱ्यास खट्‌ असा आवाज होऊन पाय एकदम पोकळींत गेला. ज्यानें हें अनुभविलें आहे त्यालाच त्याची भीति कळते. पायाखालचा जोर नाहींसा होतो, तोल पुढें जातो, आणि मागून येणाऱ्यास आपण थांबलों कां हें कळत नाहीं. रविवारची सकाळ म्हणून रस्ता मोकळा होता. आम्ही उतरून बाजूस झालों. बोटानें पाहिलें, तों साखळी पुन्हां दीड इंच सैल!

येथें विचार करावयास हवा होता. रात्रीं अर्ध्या इंचावर ठेवलेली साखळी सकाळीं दीड इंच सैल होते, म्हणजे ती कांहीं रात्रींत वाढत नाहीं. साखळी झिजून लांबते हें खरें, पण त्यास महिने-वर्षें लागतात. मग जागेवरून हाललें असेल तें चाकच असलें पाहिजे. पण आम्हीं एवढाच निष्कर्ष काढला कीं, आपल्या हातांत पूर्वींचा जोर उरला नाहीं. आणि घरीं येऊन शेजाऱ्यांकडून लांब दांड्याचा पाना मागून घेतला. दोन्ही नट असे आंवळले कीं, आमच्या तळहातास वळ उठले.

जेवतांना विषय निघालाच. मनूनें विचारलें, "काका, चेन नसलेली सायकल नव्हतीच का कधीं?" होती तर! पुढें पुरुषभर उंचीचें चाक आणि मागें वीतभर, अशा ज्या जुन्या सायकली चित्रांत दिसतात, त्यांत पायडल पुढच्याच चाकास जोडलेलें असे. साखळी नाहीं, मग ती पडणार कोठून? पडत असे तो वर बसलेला मनुष्य, आणि तोही डोक्यावर. १८८० सालीं मँचेस्टरमध्यें हॅन्स रेनॉल्ड नांवाच्या स्विस कारागिरानें लाट्या फिरणारी साखळी काढली, आणि १८८५ सालीं कॉव्हेंट्रीच्या जॉन केंप स्टार्लीनें मागच्या चाकास साखळीनें गति देणारी ‘रोव्हर’ सायकल केली. दोन्ही चाकें सारखीं झालीं, मनुष्य जमिनीजवळ आला, आणि स्त्रियांसही सायकलीवर बसणें शक्य झालें. आज आपल्या दारांत उभी आहे ती मुळांत तीच सायकल. हें व्याख्यान आम्हीं बरेंच रंगवून दिलें. वहिनींनीं शेवटीं एकच विचारलें, "हें सगळं खरं, पण उद्यां सकाळीं सव्वासातला ती पुलावर असेल तेव्हां काय?"

दुपारीं आम्हीं आगाशिवाकडे जावयाचें ठरविलें. सपाटीवर सायकलीची परीक्षा होत नाहीं, चढ पाहिजे. मलकापुरावरून जखिणवाडीकडे जाणारा रस्ता चांगला आहे आणि डोंगराच्या पायथ्याशीं पुरेसा उभा होतो. मनूनें हट्टानें अण्णांची सायकल घेतली. आम्ही मागें गिअरच्या सायकलीवर, आणि गिअर कोणता केव्हां बदलावा हें न समजल्यामुळें बरेच मागें. पायथा दिसूं लागला तेव्हां पुढें पुन्हां तोच खट्‌ आवाज झाला. मनू पडली नाहीं. तिनें पाय टेकले, सायकल कडेला घेतली, आणि आम्ही पोहोंचेपर्यंत ती रस्त्यावर उकिडवी बसून मागच्या चाकाकडे पाहत होती.

"काका, चाक तिरपं बसलंय का हो?"

आम्हीं पाहिलें. आम्ही आजवर साखळीकडेच पाहत होतों. ती चाकाकडे पाहत होती. टायरची पुढची कड डाव्या नळीस अगदीं भिडली होती, उजवीकडे मात्र दोन बोटें जागा होती. डाव्या नळीवरचा नवा रंग टायरनें घासून पुसट झाला होता. मग एकेक गोष्ट उलगडूं लागली. साखळी उजव्या बाजूस असते. पायडलावर जोर पडला म्हणजे ती मागच्या चाकाचा आंस उजवीकडून पुढें ओढते. उजवा नट घट्ट असेल तर आंस हालत नाहीं; तो घसरला तर आंसाचें उजवें टोंक पुढें सरकतें, चाकाचें तोंड डावीकडे वळतें, साखळी ढिली पडते, आणि मागचें चक्र पुढच्या चक्राशीं एका रेषेंत राहत नाहीं. मग ती न पडेल तर नवल! सपाटीवर जोर कमी म्हणून पडत नाहीं. पुलाच्या चढावर पडते. मेकॅनिकनें कडी काढून साखळी आंखूड केली, तेव्हां दुखणें चाकाचें आणि औषध साखळीस असा प्रकार झाला.

पण इतकें आंवळूनही नट घसरतो कां, हें कोडें राहिलेंच.

सायकली पायथ्याच्या एका घरीं ठेवून आम्ही लेण्यांपर्यंत चढलों. आगाशिवाचीं लेणीं साठांहून अधिक आहेत, बौद्ध भिक्षूंनीं इसवी सनाच्या आरंभीच्या शतकांत कोरलेलीं. परंतु अजिंठ्याच्या अपेक्षेनें कोणी जाऊं नये. चित्रें नाहींत, मूर्तींचा थाट नाहीं. लहान लहान खोल्या, दगडी ओटे, एखादा चैत्य. पावसाळ्याचे चार महिने एका जागीं राहणाऱ्या माणसांस जेवढें लागे तेवढेंच. ओट्यावर बसून खालीं पाहिलें तर उंसाची हिरवी चादर, तींतून कोयनेची वांकडी रेघ, आणि दूर ते दोन मनोरे. मनूनें विचारलें, "आईचं चुकतंय का, काका?" आम्हीं सांगितलें कीं नाहीं. तिच्या जागीं आम्ही असतों तर भंगारवाल्याची वाट सोमवारपर्यंत पाहिली नसती.

परत येतांना मलकापुरांत रस्त्याच्या कडेस एक म्हातारे मिस्त्री दुकान उघडें ठेवून बसले होते. एके काळीं त्यांच्याकडे तासावर भाड्यानें देण्याच्या चाळीस सायकली होत्या. आतां पोरांच्या गिअरच्या सायकलींचीं पंक्चरें. मनू त्यांस चाचा म्हणे. आम्हीं त्यांस सारी हकीकत सांगण्यास आरंभ केला, तों त्यांनीं हात वर करून आम्हांस थांबविलें, सायकल उलटी करून बैठकीवर ठेवली आणि पायडल हळूहळू फिरवीत राहिले. साखळी फिरतांना एका जागीं घट्ट आणि दुसरीकडे ढिली होते का, तें पाहिलें. होत नव्हती, म्हणजे पुढचें चक्र वांकलेलें नव्हतें. मग फूटपट्टी लावून साखळी मोजली. दोन खिळ्यांमधील अंतर अर्धा इंच. तेव्हां चोवीस अंतरांचे बरोबर बारा इंच भरले पाहिजेत. ते बारावर जवळजवळ एक दोरा जास्त भरले. "चेन म्हातारी झालीया. बदला, पण मागलं फ्रीव्हीलबी संगं बदला; झिजल्या दात्यावर नवी चेन उड्या मारती. ते पडणं निराळं, ह्ये निराळं. आज पडतीया ती ह्यापायी न्हवं." असें म्हणून त्यांनीं उजवा नट काढला, चकती काढली, चिमट्याच्या खांचेवरून अंगठा फिरविला, आणि आमच्याकडे पाहून विचारलें, "हिला रंग कुणी दिला?"

आम्ही गप्प राहिलों. मनूही गप्प राहिली, हें तिचें सौजन्य.

त्यांनीं खिळ्यानें ओरखडून दाखविलें. चिमट्याच्या दोन्ही तोंडांवर, जेथें नट दाबून बसतो तेथें, आधीं पुट्टी, तिच्यावर रंगाचे दोन थर. नट कितीही आंवळला तरी तो लोखंडास धरीत नव्हता, रंगास धरीत होता. आणि रंग दाबाखालीं मऊ पडून सरकत होता. त्यांत भर म्हणजे नव्या चकत्या आरशासारख्या गुळगुळीत. मूळ चकत्यांस आंतून खरबरीत दांते असतात, ते लोखंडांत रुततात. शिवाय चाक मागें ओढून धरणारे जे दोन लहान ॲडजस्टर चिमट्याच्या टोंकांस असतात, ते गंजलेले दिसले म्हणून सायकल नवी करतांना काढून टाकलेले. म्हणजे मास्तरांच्या हातीं तीस वर्षें जी सायकल निमूटपणें चालली, ती आम्हीं पैसे पाठवून नवी केली, आणि त्या नवेपणानें आमच्या पुतणीस पुलावर पाडलें. मेकॅनिकास दोन दिवस दूषण देणारे आम्ही!

चाचांनीं अर्धा तास बसून दोन्ही तोंडें कानशीनें घासून लख्ख लोखंडापर्यंत आणलीं. मागितले तीस रुपये. "जुन्या चकत्या घावल्या तर त्याच घाला," त्यांनीं बजावलें. "बाजारात तसल्या आता मिळत न्हाईत."

"आईकडे पिशवी आहे," मनू म्हणाली.

आम्हांस तें खरें वाटलें नाहीं. पण दिवेलागणीस घरीं पोहोंचून विचारलें, तेव्हां वहिनी कांहीं न बोलतां आंत गेल्या आणि अण्णांच्या ट्रंकेंतून एक खादीची पिशवी घेऊन आल्या. दिवाळींत दुकानदारानें परत केलेलें सारें जुनें सामान तींत होतें. जुन्या घंटेची वाटी, फाटक्या गादीच्या स्प्रिंगा, गंजके नट, दोन दांतेरी चकत्या, दोन ॲडजस्टर, त्यांतला एक वांकलेला. "त्यांचा हात लागलेल्या वस्तु, टाकवल्या नाहींत," एवढेंच त्या म्हणाल्या. मग त्यांनीं शिवणयंत्राच्या तेलाची डबी आणि जुना दांतघासणीचा ब्रश आणून दिला, आणि आम्ही गंज काढीत असतांना त्या जवळच पाटावर बसून राहिल्या.

"नवी करायचं खूळ कुणाचं होतं?" त्यांनीं शेवटीं विचारलें.

"आमचंच," आम्हीं सांगितलें.

त्या हंसल्या. अण्णा गेल्यापासून त्यांस हंसतांना आम्हीं प्रथमच पाहिलें. म्हणाल्या, "ते कधीं धुतसुद्धां नसत तिला. नुसतं पुसायचे."

चाक बसविण्याचें काम आम्हीं मनूकडून करविलें. आधीं ॲडजस्टरानें दोन्ही बाजू सारख्या मागें ओढावयाच्या. टायर दोन्ही नळ्यांपासून समान अंतरावर आहे कीं नाहीं तें पाहावयाचें. मग साखळी अर्धा इंच हालते ना, तें पाहून प्रथम उजवा नट आंवळावयाचा, मग डावा. शेवटीं तिनें आपण होऊन एक युक्ति केली: उजव्या नटावरून चिमट्यापर्यंत खडूनें एक बारीक रेघ ओढली. चाक केंसभर सरकलें तर रेघ तुटून दिसावी.

सोमवारीं साडेपांचास आम्ही तिघेंही पुलावर होतों. वहिनी चालत आल्या. रिक्षांत बसावयास तयार झाल्या नाहींत. मनूनें तो चढ सहा वेळां चढला, दोनदां आम्हांस मागच्या कॅरिअरवर बसवून. आमच्या वजनाचा इतका उपयोग पूर्वीं कोणी केला नसेल. प्रत्येक खेपेस वहिनी वाकून, फोनचा दिवा धरून, खडूची रेघ पाहत. सहाव्या खेपेसही ती अखंड होती. "संध्याकाळीं पुन्हां दाखवायची मला," त्या मुलीस म्हणाल्या, "रोज."

"रोज?"

"चेन बदलेपर्यंत रोज. मग आठवड्यानं."

घरीं येऊन मनूनें डबा घेतला आणि सव्वासातास ती निघाली. वहिनी गॅलरींत उभ्या होत्या. पावणेआठास फोनवर एक शब्द आला, "पोहोंचलें", तेव्हां त्या आंत आल्या आणि त्यांनीं आम्हांस दुसरा चहा दिला. नवी साखळी आणि फ्रीव्हील चाचा आठवड्याभरांत मागवून देणार होते. त्याचे पैसे आम्हीं देऊं केले, ते वहिनींनीं घेतले नाहींत.

दहाच्या सुमारास भंगारवाला आला. वहिनींनीं त्यास दोन महिन्यांची रद्दी दिली, एक फुटकी बादली दिली, आणि वर त्या दोन चकचकीत चकत्या. त्यानें तराजूंत टाकून पाहिल्या. कांटा हालला नाहीं.